माणसाला टेप लावला की

किस्से गोळा करावे लागत नाहीत राव. माणसाच्या कमरेला टेप लावा, तो आपोआप खोटं बोलायला लागतो. पोट आत घेतो, खांदे ताणतो आणि वर मलाच शिकवतो, "जरा नीट घे!"

डिप्लोमा मी दुसऱ्या वर्षाला सोडला. आता पिंपळे गुरवात मास्तरांच्या जेन्ट्स टेलरिंगच्या दुकानात आहे. मास्तर कात्री कुणाच्या हातात देत नाहीत, मला दिली. कोट-ब्लेझर मीच कापतो. माझ्या वडिलांच्या ओळखीत मात्र मी अजून "लास्ट इयरला" आहे!

*

महाळुंग्याचे एक अण्णा. जमीन कंपनीला गेल्यापासून अंगावर फक्त पांढरंशुभ्र, कडक इस्त्रीचं.

"खिसा पातळ कापडाचा लाव. मोबाईल दिसला पायजे."

"अण्णा, कुठला मोबाईल ते नाही कळत बाहेरून."

"मग उलटा ठिवतो की. क्यामेरे दिसत्यात!"

त्याच जमिनीवरच्या कंपनीत त्यांचा पोरगा कॉन्ट्रॅक्टवर आहे. त्याला मोबाईल गेटवरच जमा करावा लागतो.

*

चाकणचा एक नवरदेव थर्ड शिफ्ट करून थेट मापाला आला. सोबत चार मामा-काका. बंदगळ्याच्या रंगावरून चौघांची जुंपली.

"मरून घ्या!"

"मरून बँडवाले घालत्यात!"

नवरदेव उभ्या उभ्या पेंगत होता. मी हळूच विचारलं, "भाऊ, तुला काय पाहिजे?"

"खिसे. फोटोत हात कुठं ठेवायचे कळत नाही, भावा."

थोरले मामा भडकले, "बंदगळ्यात खिशात हात? संस्कार हायत का न्हाईत!"

मी खिसे ठेवले. लग्नाच्या आदल्या दिवशी मामा परस्पर येऊन दोन्ही खिशांना टाके घालून घेऊन गेले!

*

आहेराचं कापड हा वेगळाच रोग. एक रिटायर्ड गुरुजी पॅन्टपीस घेऊन आले. "परवाच्या लग्नात मिळाला. भारी आहे बरं का."

घडी उलगडली तर आत चिठ्ठी. गुरुजींच्याच नावाची, गुरुजींच्याच अक्षरातली! त्यांनीच कधीतरी कुणाला दिलेला पीस लग्नालग्नांतून फिरून घरी आला होता.

मला वाटलं, आता लाजतील.

"कापू नकोस," गुरुजी म्हणाले, "पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न आहे." चिठ्ठीही परत घडीत सरकवली. "राहू दे. नाव बरोबरच आहे."

*

मग वडील रिटायर झाले. आख्खी नोकरी कंपनीच्या युनिफॉर्ममध्ये काढली, निरोप समारंभाला ब्लेझर हवा होता. भर दुपारी आले, दुकानात कुणी नसताना. माझ्याकडे न बघता मास्तरांना म्हणाले, "माप तुम्ही घ्या."

"कोट तोच कापतो," मास्तर म्हणाले, "मापही तोच घेणार."

वडील उभे राहिले. कंपनीत मशीनवर वाकून वाकून त्यांचा उजवा खांदा खाली गेलाय. एका घरात राहून हे मला कधी दिसलं नव्हतं. मी उजवीकडे पॅडिंग जास्त घातलं, खांदे एका रेषेत आणले. तीन ट्रायल घेतल्या.

समारंभाच्या दिवशी ब्लेझर चढवून म्हणाले, "तू नको येऊस. लोक कॉलेजचं विचारतात."

आठवड्याभराने त्यांच्याच डिपार्टमेंटचे एक काका दुकानात आले. मला ओळखत नव्हते. मोबाईलवर माझ्या वडिलांचा फोटो पुढे धरला.

"सेम असा ब्लेझर पायजे. खांदे बघ कसे बसलेत! आमच्या दोस्तानं लक्ष्मी रोडवरच्या मोठ्या दुकानात शिवून घेतलाय. जमेल का रे तुला?"

मास्तरांनी मशीन थांबवलं.

मी फोटो मोठा करून नीट बघितला.

"नाही जमणार, काका," मी म्हणालो, "लक्ष्मी रोडलाच जा."