केळीच्या बागेतला होकार

सल्ला देणारी माणसं मला कधीच आवडली नाहीत, आणि निवृत्तीनंतर नेमकं तेच काम माझ्या गळ्यात पडलं. जळगावात मेहरूणला राहून मी आरोग्याचं संशोधन करणाऱ्या तरुण डॉक्टरांना मार्गदर्शन करते. त्यांच्यातली ही एक. धुळे जिल्ह्यातल्या खेड्यातली, घरी अहिराणी बोलणारी, पिंप्राळ्यात खोली घेऊन राहणारी. उन्हात राबणाऱ्या मजुरांवर तिचा अभ्यास चालू होता. त्याला पैसा एका परदेशी संस्थेचा होता. हा अभ्यास तडीस गेला तर पुढचा मोठा अभ्यास तिच्या स्वतःच्या नावावर होणार होता. नाही तर पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली.

कल्पना साधीच होती. केळीचे घड तोडून गाडी भरणाऱ्या काही टोळ्यांनी नेहमीसारखं काम करायचं. बाकीच्यांनी दर तासाला थोडा वेळ सावलीत बसून पाणी प्यायचं. कुणाचं अंग किती तापतं ते ती कानाला यंत्र लावून मोजायची. अशा अभ्यासाला मजुरांना तयार करताना इतरांच्या नाकी नऊ येतात. हिला एक सकाळ पुरली. मुकादमाला तिने नाना म्हटलं, अहिराणीत त्याच्या पिकापाण्याची चौकशी केली, आणि अख्खी टोळी हो म्हणाली. मला तिचं केवढं कौतुक वाटलं. येणाऱ्याजाणाऱ्याला मी सांगत सुटले की भाषा येणं म्हणजे काय ते हिच्याकडून शिका.

मे महिन्यात मी तिच्याबरोबर चोपड्याच्या अलीकडे तापीकाठच्या एका बागेत गेले. पोचायला उशीर झाला होता, ऊन डोक्यावर आलं होतं. मला वाटलं, टोळी एव्हाना घरी गेली असेल. ही माणसं अंधारातच कामाला लागतात आणि ऊन चढायच्या आत गाडी भरून मोकळी होतात. पण ट्रक अर्धाच भरला होता आणि डोक्यावर घड घेऊन माणसांची ये-जा चालूच होती. मी नानाला विचारलं, अजून कसं काय काम चाललंय? तो सहज म्हणाला की आता मधे मधे बसावं लागतं ना, म्हणून उशीर होतो. काम उक्तं, मजुरी भरलेल्या गाडीमागे, आणि गाडी आजच्या आज उत्तरेकडे निघायला हवी, मग बसलेला वेळ दुपारी भरून काढायचा.

सकाळच्या गारव्यात आम्ही त्यांना बसवत होतो आणि भर दुपारी राबवत होतो. मी तिच्याकडे पाहिलं. तिच्याही ते लक्षात आलं होतं, चेहरा पांढराफटक पडला होता. ती नानाला काम थांबवायला सांगणार तेवढ्यात ट्रकजवळ घड आपटल्याचा आवाज झाला.

टोळीतला सगळ्यात वयस्क माणूस, सगळे त्याला आबा म्हणायचे, मातीत पडला होता. अंगाला हात लावला तर चटका बसला. केव्हाच मेलेल्या बैलाला तो नावाने हाका मारत होता. तिने त्याचा सदरा काढला, कुणीतरी मोटर चालू केली, आम्ही पाइप धरून त्याला भिजवत राहिलो आणि दोघं जण केळीच्या पानांनी वारा घालत राहिले. शुद्धीवर नसलेल्या माणसाला पाणी पाजू नका म्हणून मी एकावर खेकसले. मालकाच्या पिकअपमधून दवाखान्यात नेतानाही ती ओला पंचा त्याच्या मानेवरून फिरवत होती. डॉक्टरांनी तो वाचेल म्हणेपर्यंत आमचा जीव टांगणीला लागला होता.

संध्याकाळी तिच्या खोलीवरून आम्ही पैसा देणाऱ्या परदेशी संस्थेतल्या तिच्या मार्गदर्शकांशी फोनवर बोललो. गृहस्थ सभ्य. त्यांना वाईट वाटलं, पण एका माणसावरून निष्कर्ष काढू नये, लक्ष वाढवा आणि काम चालू ठेवा, असं त्यांचं म्हणणं पडलं. माझं डोकं फिरलं. त्या उन्हात एक घड उचलून दाखवा, असं ओठांवर आलं होतं. पण निर्णय तिचा होता, आणि तो मी घेतला असता तर ती कायम माझ्या हाताखालचीच राहिली असती. मी फोन तिच्या पुढ्यात सरकवला. ती खाली मान घालून त्यांचं म्हणणं वहीत उतरवत होती. मला भीती वाटली, आता ती मान डोलावणार.

"मी आजपासून थांबवते आहे," ती म्हणाली. "समितीला आज रात्रीच कळवते."

अशा अभ्यासांना परवानगी देणाऱ्या त्या समितीने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, विश्रांतीच्या वेळा बदला, टोळ्यांना पुन्हा विचारा, त्या तयार असतील तरच पुढे जा. आम्ही परत त्याच बागेत गेलो. आधी तिने नानाला विचारलं की विश्रांतीने काम दुपारवर जाणार हे ठाऊक होतं, तर हो का म्हणालात?

नाना ओशाळला. "तू आमनी पोर शे. पोरले नही कसं म्हनानं?"

माझा चेहरा उतरला. ज्या भाषेचं मी कौतुक करत फिरले, तिच्यामुळेच त्यांची तोंडं बंद झाली होती. कोट घातलेला परका साहेब आला असता तर त्याला यांनी सरळ वाटेला लावलं असतं.

ती टोळीसमोर मातीत बसली. "बठ्ठा जन ऐका," ती सगळ्यांना म्हणाली. "पहिले माले नही म्हनी दखाडा. मंग पुढलं बोलूत."

कुणी हसलं, कुणी खाली पाहिलं. तिच्या तोंडावर नाही म्हणून दाखवणं कुणाच्याच्याने होईना. ती तशीच बसून राहिली. बांधावर आबा बसला होता, अजून कामावर न येणारा, नुसता भेटायला आलेला. तो हळूच म्हणाला, "नही, बेटा. हाई आम्हले जमनार नही."

"बरं, आबा," ती म्हणाली. मग एकेक जण नही म्हणत गेला, सगळ्यात शेवटी नाना. माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत.

ही टोळी आता अभ्यासात नव्हती. यंत्र पिशवीत टाकून ती गाडीत बसली. अजून बाकीच्या टोळ्या राहिल्या होत्या. त्यांनीही तिला एका सकाळीच होकार दिला होता. तिने ड्रायव्हरला पुढच्या बागेचा रस्ता सांगितला.