उपाशीपोटी

रक्ताची उलटी होऊन आई गेली, त्याला महिना झाला होता. पाथरीच्या एसटीत शेजारचा तरुण धुळकट काचेवर बोटानं षटकोन काढत होता, पुसत होता, पुन्हा काढत होता.

विचारलं तर म्हणाला, "सांधेदुखीच्या गोळीचा रेणू हाय, काका. दुखणं थांबवतो, पण पोटात जखमा करतो. त्यातलं आम्ल झाकून तो सौम्य होतो का, ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत बघायलोय."

नको वाटत असतानाही मी विचारलं, "उपाशीपोटी घेतली तर?"

"उपाशीपोटी कोण देतंय हो?" तो हसला.

लिंगपूजा होईपर्यंत आई घास घेत नसे. पूजेला मांडी घालता यावी म्हणून पहाटे मीच गोळी तिच्या हातावर ठेवायचो.

"घरी कुणाला गुडघेदुखी हाय का?" त्यानं आपुलकीनं विचारलं.

"आता नाही," मी म्हणालो.