साडेसहा किलो

माझ्या बायकोला माझ्या सगळ्या खोडी तोंडपाठ आहेत. ही एक सोडून. ही मी तिला सांगितली नाही, थोरल्या भावाला नाही, फौजेतल्या दोस्तांना तर नाहीच नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलतो आहे. ओळखीच्या माणसासमोर जीभ टाळ्याला चिकटते — हे मी करून पाहिलेलं आहे.

मी अहमदपूर तालुक्यातला. आता लातूरला असतो, पेन्शनीत. सकाळी भाजी आणायचं काम माझ्याकडे आहे. ती भाजीवाली मावशी एकदा म्हणाली, "सायेब, तुमी काट्याकडं कधी बगतच न्हाई. लई विश्वास हाय बगा तुमचा." मी हसलो, पिशवी उचलली आणि निघालो. विश्वास कसला घेऊन बसलात! मला काट्याकडे बघवत नाही, एवढंच. का बघवत नाही, तेच सांगायला बसलोय — आणि बघा, भाजीवर घसरलो.

फौजेत मी हेलिकॉप्टरचा मेकॅनिक होतो. पंचवीसेक वर्षं तेच केलं. त्यातली बरीचशी उत्तरेत, बर्फाच्या डोंगरात. तिथली एक गोष्ट समजली की पुढचं सगळं समजेल. उंचावर हवा विरळ असते. माणसाला धाप लागते, तशी यंत्रालाही लागते. खाली मैदानात चार माणसं आणि सामान घेऊन टुणकन उडणारं हेलिकॉप्टर अठरा हजार फुटांच्या वर गेलं, की एक घासलेटचा डबा उचलतानाही कुरकुरतं. म्हणून तिथे आम्ही मागच्या सीटा काढायचो, दारं काढायचो, इंधनसुद्धा जायला-यायला पुरेल एवढंच भरायचो. आणि उडण्याआधी प्रत्येक माणूस आणि प्रत्येक वस्तू काट्यावर. बुटासकट, टोपीसकट.

तो काटा माझ्याकडे होता.

जुनी हलकी हेलिकॉप्टरं म्हातारी झाली होती. त्यांच्या जागी नवं कुठलं घ्यायचं, हे ठरवायला ट्रायल चालू होत्या. नवं यंत्र आमच्याकडे आलं होतं आणि ते वरच्या चौकीपर्यंत ठरलेलं वजन घेऊन जातं का, तिथल्या हेलिपॅडवर टेकायच्या आधी ठरलेला वेळ हवेत एका जागी थांबतं का, हे पाहायचं होतं. वजन म्हणून वाळूच्या पिशव्या ठेवायच्या. यंत्र चालवायला मेजरसाहेब आणि त्यांच्या शेजारी दुसरे एक पायलट. मागे मी — आकडे टिपायला.

मेजरसाहेब पंजाबातले सरदारजी. डोंगरात उडवावं तर त्यांनीच, असं आमच्यात म्हणायचे. वाऱ्याचा झोत लागायच्या आधीच त्यांचा हात हलायचा. मला ते 'तराजू' म्हणत. मी त्यांनासुद्धा सोडायचो नाही ना! ट्रायलच्या दिवशी सकाळीच त्यांचा चहाचा थर्मास मी खाली ठेवायला लावला होता. "साहेब, वहीत नाही ते विमानात नाही." सगळे हसले. ते पण हसले, थर्मास ठेवला. मला त्या क्षणी स्वतःचा लई अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

आणि त्याच वेळी माझ्या अवजारांच्या पेटीमागे कांबळीत गुंडाळलेलं एक गाठोडं होतं.

आता दत्ताबद्दल सांगायला हवं. वरच्या चौकीवर दत्ता होता, मुखेडकडचा. आपल्याकडचा माणूस म्हणजे तिथे सख्ख्या भावाच्या वर. मी सुट्टीवर आलो होतो, तेव्हा त्याची आई एसटीने अहमदपूरला आली. स्टँडवर उभी राहिली, माझा पत्ता विचारत. ज्वारीचं पीठ, आमटीला लावायचं येसर, कारळाची चटणी — सगळं एका फडक्यात बांधलेलं. "माज्या लेकराला भाकर मिळंना म्हनं तिकडं. त्याच्या हातात दे बाबा, दुसऱ्या कुनाजवळ देऊ नगंस." मी हो म्हणालो. वरच्या चौकीवर पायी सामान नेणारी टोळी आठ-दहा दिवसांनी जायची. तिच्याकडे देता आलं असतं. पण हातात देतो म्हणालो होतो.

थांबा — तुम्ही आता मनात म्हणाल, आईचा जीव, कुणीही नेलं असतं. तसं म्हणू नका. आई चांगली होती, पीठ चांगलं होतं. लबाडी माझी होती. मी ते गाठोडं आदल्या संध्याकाळी एकट्याने काट्यावर ठेवून पाहिलं होतं. साडेसहा किलो. म्हणजे मला माहीत होतं. नकळत झालं असं एक अक्षरही मला म्हणता येत नाही.

मेजरसाहेबांना विचारलं असतं, तर ते म्हणाले असते, काढ तेवढी वाळू आणि ठेव पीठ. शंभर टक्के म्हणाले असते. मग का नाही विचारलं? कारण वहीत 'पीठ, साडेसहा किलो' असं लिहावं लागलं असतं. ज्याने साहेबाचा थर्मास अडवला, त्याचंच गाठोडं निघालं, म्हणून सगळा तळ हसला असता. बस्स. एवढ्याशा हसण्याला मी भ्यालो. सगळ्यांचं वजन झालं, मी वहीत सही केली, आणि मग पेटीबरोबर तिच्यामागचं गाठोडंही यंत्रात सरकवलं. माझी तपासणी कोण करणार? कुंपणच शेत खायला लागल्यावर राखण कुणी करायची?

वर जाईपर्यंत सगळं ठीक होतं. हेलिपॅड म्हणजे बर्फावर सपाट केलेला तुकडा, बाजूला दरी. मेजरसाहेबांनी यंत्र त्याच्यावर आणून हवेत थांबवलं. मी सेकंद मोजत होतो. अर्ध्याच्या पुढे गेलो असेन — पंख्याचे फेरे उतरायला लागले. भोंगा वाजला. यंत्र खाली बसायला लागलं, आणि दरीच्या बाजूला कलायला लागलं. मेजरसाहेबांनी ते कसं ओढून आणलं मला ठाऊक नाही. धाडकन आपटलो. खालच्या ज्या दोन आडव्या नळ्यांवर यंत्र टेकतं, त्यातली एक वाकली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. दुसऱ्या कुणाचा हात असता, तर मी हे लिहायला उरलो नसतो.

सगळी धावपळ चालू असताना मी काय केलं? गाठोडं काढून दत्ताच्या हातात दिलं. दिलेला शब्द पाळला बघा मी!

आम्हाला खाली न्यायला दुसरं हेलिकॉप्टर येईपर्यंत चौकीच्या तंबूत बसलो. दत्ताला आनंद आवरेना. बिचाऱ्याला काय माहीत? त्याने स्टोव्हवर लगेच भाकरी थापली, येसराची आमटी केली आणि पहिली भाकरी मेजरसाहेबांच्या पुढे ठेवली. त्यांनी तुकडा मोडला, खाल्ला, म्हणाले, "मीठी है." पीठ कुठून आलं, हे त्यांनी विचारलं नाही. घरचं असं काहीबाही प्रत्येक चौकीवर असतंच, पायी येणाऱ्यांबरोबर आलेलं. माझ्याही पुढ्यात भाकरी आली. मी ती खाल्ली.

दत्ता बाहेर गेला तेव्हा मेजरसाहेब माझ्याकडे वळले. साहेबासारखे नाही, जोडीदारासारखे. "तराजू, वजन में कुछ गड़बड़ तो नहीं थी?"

एकच प्रश्न. एकदाच विचारला. आणि मी म्हणालो, "नाही साहेब. वजन बरोबर होतं."

ते आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मग मान हलवली. माझ्यावर त्यांनी संशयसुद्धा घेतला नाही. माझा शब्द आणि त्यांचा हात यांच्यात त्यांनी माझा शब्द खरा मानला.

दोन-तीन दिवसांत नळी बदलली, यंत्र खाली आलं. ट्रायल पुन्हा घ्यायची ठरली. मेजरसाहेबांच्या जागी दुसरा पायलट बसवला. वाळू तीच, इंधन तेवढंच, थंडीही तशीच. वहीतला आकडा जवळपास जुळता. यंत्र हेलिपॅडवर गेलं आणि पूर्ण वेळ थांबलं, डुललंसुद्धा नाही. मी मागे बसून सेकंद मोजत होतो आणि देवाला विनवत होतो — खोटं वाटेल तुम्हाला — की हे पडू दे, फेरे उतरू दे. उतरले नाहीत.

मग काय, हिशेब सरळच झाला. यंत्र चांगलं, वजन तेवढंच, म्हणजे माणूस चुकला. ट्रायल तपासणाऱ्या समितीच्या साहेबांनी मला बोलावून त्या दिवशीची वही मागितली. मी दिली. सहीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, ही तुझीच ना? मी म्हणालो, माझीच. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. मी सलाम केला, बाहेर आलो. मेजरसाहेबांना ट्रायलवरून कायमचं काढलं.

आणि एवढ्यावरही भागत नाही. ते साहेब लोक तिथे कशाला बसले होते? कुठलं यंत्र घ्यावं हे ठरवायला. साडेसहा किलो जास्त झालं की त्या यंत्राचा दम सुटतो, ही गोष्ट त्यांना कळायला हवी होती. त्याचसाठी तर सगळा खटाटोप. ती गोष्ट त्या तळावर एकट्या मला माहीत होती. त्यांनी यंत्राच्या नावापुढे 'पास' लिहिलं. पुढे घेतलं की नाही, किती घेतली, हे मी विचारत गेलो नाही. बातम्यांत बर्फातलं हेलिकॉप्टर दिसलं की मी चॅनल बदलतो. बायको म्हणते, फौजेतला माणूस असून फौजेचं बघवत कसं नाही तुम्हाला?

मला वाटलं होतं, मेजरसाहेब सावरतील. एवढा कसलेला माणूस! पण पुढे ऐकलं, हवेत थांबायची वेळ आली की त्यांचा हात अडखळायला लागला. वारा यायच्या आधी हलणारा हात, तो वारा आल्यावरही विचार करायला लागला. डोंगरात तेवढी फुरसत कुठे असते? त्यांनी स्वतःच अर्ज करून उडणं सोडलं.

यंदाच्या थंडीत त्यांचा फोन आला. नांदेडला गुरुद्वाऱ्यात दर्शनाला येतोय, भेटशील का? मी सकाळच्या एसटीने गेलो. रस्ताभर वाक्य घोकत होतो. त्या दिवशी जास्तीचं वजन मी ठेवलं होतं, साहेब. एवढंच. शाळेतल्या पोरासारखं घोकलं. नांदेड येईपर्यंत पाठ झालं होतं.

दाढी पांढरी झाली होती. मला बघून त्यांनी मिठीच मारली. बरोबर बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी. त्यांनी मुलीला सांगितलं, हा आमचा तराजू, याचा काटा कधी चुकला नाही. मुलगी बोलकी होती. पापा आता स्कूटरसुद्धा चालवत नाहीत म्हणाली, गाडी आईच चालवते. मग माझ्याकडे वळून तिने सरळ विचारलं, "अंकल, आप तो साथ थे ना? उस दिन हुआ क्या था?"

यापेक्षा सोपं करून कुणी काय देणार? वाक्य जिभेवर होतं. मी तोंडसुद्धा उघडलं. पण मेजरसाहेब मध्येच बोलले, हसत, तिच्या पाठीवर थाप देत — "मेरा हाथ चूक गया था, बेटा. और क्या."

आणि मी तोंड मिटलं. नुसतं मिटलं असतं तरी एक वेळ... मी मान हलवली. हो म्हणून.

मुलीने ते बघितलं. तिचं तोंड जरासं उतरलं. बापाबद्दल इतकी वर्षं तिला वेगळं काहीतरी वाटत असणार, आणि साक्षीदाराने आज तिची खात्री करून दिली. नंतर आम्ही लंगरमध्ये शेजारी शेजारी बसून जेवलो. त्यांना गाडीत बसवून दिलं. परतीच्या एसटीत मला झोप लागली — हेही सांगून टाकतो. छान झोप लागली.

तर हे असं आहे. त्या दिवशी जास्तीचं वजन मी ठेवलं होतं. विचारल्यावर लपवलं, तीनदा. मेजरसाहेबांचा हात चुकला नव्हता. त्यांच्या हातामुळे तीन माणसं जिवंत राहिली, त्यातला एक मी.

हे मी मराठीत लिहिलं आहे. मेजरसाहेबांना मराठी वाचता येत नाही, त्यांच्या मुलीलाही नाही. लिहायला बसलो तेव्हा मला ते माहीत होतं.