सहीची पांढरी कोर

दोस्तहो, आज मी एका चित्राची महाग प्रिंट कापून बसलो.

आमच्या धाड गावात काकाचं फ्रेमचं दुकान हाय. एका मॅडमनं ती प्रिंट विकायच्या आधी फ्रेम कराले देली होती. काका म्हणे, "तिले हात नको लावू बे." पण देवाच्या फोटोची कापतो तशी मी तिचीबी पांढरी कोर कापली. त्याच कोरीवर चित्रकाराची सही होती!

घाबरून कोर परत चित्राले जोडली अन् वरून लावाच्या पुठ्ठ्यात दोन खिडक्या पाडल्या, एक चित्राले, एक सहीले. मधातला जोड झाकला.

मॅडम आल्या. चष्मा लावून पाहातच राह्यल्या.

"वा! सहीला वेगळी खिडकी! माझ्याकडच्या बाकीच्या आठ प्रिंटही अशाच करा."

उद्या कोणीतरी ती प्रिंट अख्खी समजून विकत घेईन. सांगू का मॅडमले? तोवर पाया पडतो, काकाले सांगू नका कोणी!