चूलबंद आवतणाचा दिवस

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या पत्नीची पापणी ओढून पाहिली आणि "हिच्या अंगात रक्तच नाही" असं सांगितलं, तेव्हा माझी मान खाली गेली. तापाने सुभद्रा खाटेला चिकटली होती. तिच्या उशाशी बसून मी आमच्या संसाराची उजळणी करत होतो आणि दर आठवणीला मला माझाच राग येत होता. जिंतूर तालुक्यात आमचं लहानसं कोरडवाहू शेत. घरात पिकेल ते खायचं, फाटेल ते शिवायचं, ही आमची रीत. ज्वारी कडुनिंबाचा पाला घालून कणगीत ठेवायची, तूर घरच्या जात्यावर भरडायची, अंबाडीची भाजी वाळवून उन्हाळ्यासाठी राखायची, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या करायच्या, आंघोळीचं पाणी दारच्या शेवग्याला सोडायचं. ही रीत मी घालून दिली आणि सुभद्रेने ती इतक्या हौसेने चालवली की आमची दोन्ही लेकरं पानात शीत टाकत नसत. पण त्या दिवशी मला वाटलं, मी वाचवत राहिलो आणि झिजली ती.

दवाखान्याच्या ओट्यावर येऊन मी पांडुरंगाला हात जोडले. आमच्या गावच्या सप्त्यात शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनानंतर, सगळ्या गावाची पंगत बसते. एरवी ती आमटी-भाकरीची असते. आदल्या वर्षी मात्र एका मोठ्या शेतकऱ्याने पुरी-बुंदी घातली होती आणि लोक वर्षभर तिचं नाव काढत होते. मी म्हणालो, ही उठून घरी आली तर यंदाच्या काल्याची पंगत माझी, आणि तीही पुरी-बुंदीची. आयुष्यभर हात आखडला म्हणून देवाने शिक्षा केली असेल, तर एकदा हात सैल सोडून दाखवावा, असं माझ्या मनाने घेतलं होतं. तो नवस कमी आणि दंड भरणं जास्त होतं.

सुभद्रा उठली. औषधाने उठली की पांडुरंगाच्या कृपेने, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. फाल्गुन आला, ज्वारीची खळी झाली, सप्ता बसला. मी परभणीचा आचारी ठरवला. तो त्याची माणसं, कढया, तेल, मैदा, साखर असं सगळं घेऊन ट्रकने येणार होता. सुभद्रेला हे पटलं नव्हतं.

"आवं, पुरी-बुंदी कशाला? घरात तूर हाय, नवी ज्वारी हाय. दरसाली बाया भाकरी घेऊन येतेत तशा येतील. आपल्या घरचं देवाला गोड लागंल की."

"तू गप ऱ्हा. देवाला कबूल केलंय मी."

"देवाला कबूल केलंय का गावाला दाखवायचंय?"

मी त्याच संध्याकाळी गावभर चूलबंद आवतण फिरवलं. आमच्याकडे चूलबंद म्हणजे घरातल्या लहानथोरांनी सगळ्यांनी जेवायला यायचं, त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. आवतण घेऊन चूल पेटवली तर तो देणाऱ्याचा अपमान. पंगतीचा मोठेपणा अंगावर घेण्यासाठी मी सगळ्या गावाच्या चुली विझवल्या होत्या.

ट्रक काल्याच्या आदल्या संध्याकाळी यायला हवा होता, तो आला नाही. सकाळी उजाडताच मी फाट्यावर जाऊन बसलो. विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नाने तेव्हा सगळा मराठवाडा तापलेला होता. कुठे बंद पुकारला जाई, रस्ते अडत, एसटी जागच्या जागी उभी राही. ऊन चढू लागलं तरी ट्रकचा पत्ता नव्हता. तेवढ्यात रस्त्याने एक म्हातारी चालत आली. खांद्याला पिशवी, पायांत काही नाही. परभणीच्या वाटेवर बोरीला लेकीकडे निघाली होती, एसटी नव्हती म्हणून पायीच.

"लेकरा, ह्या गावात भाकर भेटंल का?"

"आजी, दुपारपत्तर थांबा. माझ्याच घरची पंगत हाय, पुरी-बुंदीची."

"पुरी? तोंडात दात कुठं हायेत माझ्या. दुधात न्हाईतर पाण्यात कालवून भाकर खाईन. आन दुपारचं दुपारी बघू, भूक तर आता लागली ना."

"आज गावात कुणाचीच चूल पेटलेली न्हाई. चूलबंद हाय."

"मंग पेटवायला काय कलेक्टरचा हुकूम लागतो व्हय?"

माझं डोकं आधीच ठिकाणावर नव्हतं. तिला टाळायचं म्हणून मी म्हणालो, "मारुतीच्या पाराम्होरं जा, दारात शेवगा हाय, तिथं इचारा." ती निघून गेली. मी पुन्हा रस्त्याकडे डोळे लावले.

बऱ्याच वेळाने बोरीकडून एक सायकलवाला आला. "काका, वाट बघणं सोडा. आचाऱ्याचा निरोप हाय, तुमचा ट्रक तिकडंच उभा हाय. रस्ता बंद केलाय, सांजच्यापत्तर कुठल्याच गाडीला सोडनात," असं म्हणून तो पुढे गेला. मी फाट्यावरच्या दगडावर बसलो. देवळातला मृदंग तिथपर्यंत ऐकू येत होता. काल्याचं कीर्तन उभं राहिलं होतं. ते संपलं की माझ्या शब्दावर उपाशी राहिलेलं सगळं गाव, म्हातारी माणसं, तान्ह्या लेकरांच्या आया, पानं मांडून बसणार होतं. मी हात जोडले, पण मागायला काही सुचेना आणि द्यायला काही उरलं नव्हतं. नवस बोलायचीही लाज वाटली. "पांडुरंगा, माझ्याच्यानं होत नाही," एवढंच तोंडातून आलं. मग उठलो. पळून जाण्यापेक्षा लोकांसमोर उभं राहून खरं सांगावं, असं ठरवून गावाकडे चालू लागलो.

ओढ्याचं वळण ओलांडलं आणि पाय थांबले. गावावर धूर होता. एका घराचा नव्हे, जिकडे बघावं तिकडे. लिंबाच्या झाडांमधून, पत्र्यांवरून, मातीच्या माळवदांवरून धुराच्या रेघा वर चालल्या होत्या. मला वाटलं, लोकांना कळलं. माझं आवतण झुगारून जो तो आपापलं शिजवून खातोय. याहून मोठा अपमान गावात कोणाचा झाला नसेल. तरीही मी चालत राहिलो, कारण तो अपमान माझाच होता आणि तो मलाच उचलायचा होता.

घरी आलो तर सुभद्रा चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. बाजूला शेजारच्या कौशाकाकू पिठाची परात घेऊन उभ्या. मला पाहताच काकू सुरू झाल्या.

"या, आवतनवाले. तुमच्या घरावर धूर दिसला तशी मी भांडायलाच आले व्हते. म्हणलं, गावाच्या चुली बंद करून सोता भाकरी थापायलीस व्हय गं? तर ही म्हणली, काकू, दारात म्हातारी भुकेली आली, मला ऱ्हावलं न्हाई. आन ट्रकबी आलेला न्हाई, आमचे फाट्यावर बसलेत. हे ऐकल्यावर म्या काय हातावर हात ठिवून बसू? म्याबी पेटवली. माझं बघून वरच्या आळीनं पेटवली."

"काकू, ट्रक येतच न्हाई आता," मी म्हणालो.

"नगं येऊ दे. तुमच्या बुंदीनं लेकराचे दात किडतेत."

सुभद्रेने मान वर केली. तिच्या कपाळाला पीठ लागलं होतं. "आबांनी देवळाम्होरं सप्त्याची मोठी कढई ठिवलीय. डाळ न्यायला माणसं आलीत. देऊ का?" आबा म्हणजे सप्त्याचं सगळं बघणारे वडीलधारे. तिने एवढं सगळं घडवून आणलं होतं आणि परवानगी मला विचारत होती. मी स्वतः माळ्यावर चढलो. भरडून ठेवलेली तूरडाळ, वाळवलेली अंबाडी, मिरच्या, करडीच्या तेलाचा डबा, सगळं खाली दिलं. जी राखण मला दवाखान्यात पाप वाटली होती, ती पोत्यांनी देवळाकडे चालली होती, आणि गावाला पुरत होती.

मग भाकरींच्या दुरड्या येऊ लागल्या. डोक्यावर दुरडी, तोंडात विठ्ठलाचं नाव, अशा बाया गल्लीगल्लीतून येत होत्या. गावाची पंगत अडलीय असं ऐकून ओढ्यापलीकडच्या वस्तीतूनही आल्या, जिथे सप्त्याचं आवतण द्यायला आजवर कोणी गेलं नव्हतं. मीही गेलो नव्हतो. त्या जरा लांबच थबकल्या. सुभद्रा पुढे झाली, त्यांच्या दुरड्या घेतल्या आणि त्यातल्या भाकरी गावाच्या ढिगात मिसळल्या. काही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. आबा वाढणाऱ्यांकडे वळून म्हणाले, "त्यांचीबी पानं मांडा. आन वाढा आता, लोक खोळंबलेत."

पंगत बसली. कढईतली आमटी उकळत होती, भाकरींचा ढीग माणसाच्या कमरेएवढा होता. कीर्तनकार महाराजांनी पहिला घास घेऊन सांगितलं, "पुरीच्या पंगतीला गाव पाहुणा म्हणून येतं. आज गाव यजमान आहे." त्यावर जसा जयजयकार उठला, तसा मी आमच्या देवळात पुन्हा कधी ऐकला नाही. पंगतीवर पंगती उठल्या, ढीग उरलाच. कोणी बुंदीची आठवण काढली नाही, माझी मुलं सोडून.

त्या म्हातारीला मी गावभर शोधलं. सुभद्रेने तिला पहिली भाकरी दुधात कुस्करून दिली होती. ओट्यावर बसून ती जेवली, "पोट थंड झालं माय" म्हणाली आणि काकूंचं भांडण रंगात असताना निघून गेली. पुढे कधी बोरीला गेलो तर विचारायचो. कोणाला माहिती नव्हती. ती भुकेली होती आणि नेमकी त्या वेळी आली, यापलीकडे मी काही म्हणत नाही. फक्त एवढं मनात राहिलं की मी पांडुरंगाला देणारा होऊन भेटायला निघालो होतो, आणि तो मागणारा होऊन आला असेल तर मी त्याला बोटाने घर दाखवून टाळलं. तरी त्याने माझं घर टाळलं नाही.

त्या दिवसापासून मी देवाला काही कबूल करत नाही. आमचं घर अजून तसंच चालतं, राखून आणि पुरवून, पण त्यात आता भीती नाही. जे आहे ते त्याचं आहे, मागेल तेव्हा काढून द्यायचं म्हणून नीट ठेवायचं, इतकंच.

त्या दिवशी शेवटच्या पंगतीत आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. मी हळूच म्हणालो, "माझ्या काटकसरीनं तुझं अंग झिजलं."

"मला तापानं पाडलं व्हतं. तुमच्या भाकरीनं न्हाई," ती म्हणाली. "जेवा आता."

माझ्या पानात पडलेली भाकरी जाड होती, एका कडेला करपलेली. सुभद्रेच्या हातची नव्हती. कोणाच्या घरची, कुठल्या आळीची, ते कळायला मार्ग नव्हता. मी ती कपाळाला लावली आणि आमटीत कुस्करली.