ज्ञानू तात्याच्या नावाची पुडी

बसा. चहा चुलीवर आहे, तोवर एका माणसाबद्दल सांगतो. त्या माणसानं माझ्या पोरीचं जमत आलेलं लग्न मोडत आणलं होतं. इतकी वर्षं झाली, पण त्याच्यावरचा माझा राग काही जात नाही. सकाळी दाढी करायला बसलो की त्याची हटकून आठवण येते!

तशी मला रागाची सवय नाही. मी चौथीतून उठलेला माणूस. हळू बोलतो, थोडं बोलतो. आमची हौसा म्हणायची, "आवं, तुमचं एक वाक्य पुरं व्हईस्तवर भाकरी करपती." पण त्या वर्षी मी असा पेटलो होतो की गावानं बघत राहावं.

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. आमचं गाव आष्ट्यापासून जवळच. उसाचं थोडं रान, एक म्हैस आणि एकुलती एक पोरगी, शालन. तिला औंधचं स्थळ आलं होतं. मुलगा पलटणीत. जमवलं होतं हौसाच्या थोरल्या भावानं, म्हणजे आमच्या पेन्शनर सुभेदारानं. मुलगा आणि त्याचे वडील आनंदराव येऊन पोरगी बघून गेले. पसंत पडली. आनंदराव म्हणाले, "एकदा घरात बोलतो, मग सुपारी फोडू."

आणि त्या दिवसापासून माझी झोप गेली.

का गेली म्हणून काय विचारता? पोरगी जाणार! सांज झाली की म्हशीला वैरण टाकायची ती. मी रानातून आलो की न मागता पाण्याचा तांब्या पुढं करायची ती. हे सगळं औंधला जाणार, आणि मी डोळे मिटून घोरत पडायचं? कसं जमणार?

बरं, झोप येत नाही ही आपल्या घरातली गोष्ट. ती घरात ठेवावी की नाही? पण मी भूपाल अण्णाच्या दुकानात एकदा जांभई दिली, आणि संपलं! अख्खा गाव वैद्य झाला हो! ज्याला स्वतःची खरूज बरी करता आली नाही, तोही मला औषध सांगायला लागला.

भूपाल अण्णा म्हणाला, "तात्या, जायफळ. दुधात उगाळून घ्या. आमच्या जैन बस्तीतले पंडितसुद्धा घेत्यात." घेतलं. झोप नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घर माझ्याभोवती फिरत होतं.

शेजारची म्हातारी म्हणाली, "खसखशीची खीर खा, बाबा." खाल्ली. इतकी खाल्ली की आजही लग्नात खीर दिसली तर मी पंगत बदलतो.

सुभेदार म्हणाला, "दाजी, बिलकुल औषध घ्यायचं नाही. सांजच्याला रानाला पाच चक्कर डबल मार्च! बिस्तर दिसला की जवान खलास!" मी धावलो हो! लोकांना वाटलं, रानात आग लागली. मागून घागरी घेऊन चौघं आले. झोप? ती आली नाही. पायात गोळे आले.

मग डोक्याला माक्याचं तेल. त्याचा वास असा की आमची म्हैस धार काढताना तोंड फिरवून उभी राहायची. आता मला सांगा, मुक्या जनावराला जे कळतं ते उपाय सांगणाऱ्यांना कळू नये?

एकच उपाय मला आवडला. हौसा सांजच्याला माझ्या तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीनं घासत बसायची. झोप त्यानंही आली नाही, पण तिचा हात पायाला लागायचा आणि जीव जरा थंड व्हायचा. वाईट एकच. काशाच्या वाटीनं तूप काळं होतं. तळपाय असे काळे कुळकुळीत झाले, की मी चाललो की सारवलेल्या जमिनीवर पावलं उमटायची. शालन मागून फडकं घेऊन फिरायची आणि हसायची, "आबा, तुमी घरात हाय का न्हाई, ते बघायला लागतच न्हाई. जमिनीवर लिव्हलेलं असतंय."

असं सगळं चाललेलं असताना सुभेदारानं मला बाजूला घेतलं.

"दाजी, पाव्हणं चौकशीला माणूस धाडणार. गुपचूप येणार. हाटेलात, दुकानात, न्हाव्याकडं विचारणार, बाप कसा हाय, घराणं कसं हाय. सगळ्यास्नी सांगून ठेवा."

आमच्याकडची ही रीतच आहे. पोरगी देणारा आणि करून घेणारा, दोघंही एकमेकांची अशी चोरून चौकशी करतात. म्हणून मी घरोघर फिरलो. "कोण परका माणूस विचारत आला तर चार शब्द बरं बोला. आणि माझ्या झोपंचं तेवढं काढू नका. न्हाईतर म्हणतील, बापाच्या डोक्यात बिघाड हाय." सगळ्यांनी कबूल केलं. न्हाव्यानं तर वस्तरा कपाळाला लावून शपथ घेतली.

आता पुढचं नीट ऐका.

एके दिवशी मी आष्ट्याला गेलो होतो. परतीच्या एसटीला उशीर होता, म्हणून स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घ्यायला बसलो. समोर एक गृहस्थ येऊन बसले. काखेत छत्री, डोक्याला फेटा, चेहरा सात्त्विक. म्हणाले, "पाव्हणं, डोळं लय लाल दिसत्यात."

मी म्हटलं, "गुऱ्हाळात होतो. चुलाणाचा धूर लागलाय."

"मला वाटलं, झोप न्हाई का काय. आमच्याकडं साताऱ्याच्या बाजूला एक वैद्य हाय. झोपंवर अशी पुडी देतो की माणूस बसल्या जागी घोरतो."

आता माझी पंचाईत बघा. औषध तर हवं. पण पोरीचा बाप मी, झोप नाही हे परक्या माणसाला सांगणार कसं? मग मला युक्ती सुचली. माझ्यासारख्या माणसाला युक्ती सुचू नये, हे मला नंतर कळलं.

मी म्हटलं, "मला न्हाई वो, पण आमच्या गावात एकजण हाय बिचारा. त्याला पुडी मिळंल का?"

"मिळंल की! मीच आणून दीन. पण वैद्य पुडी नावानं बांधतो. नाव-गाव सांगा त्याचं."

आता तुम्ही म्हणाल, खोटं नाव सांगायचं. असं कसं? दुसऱ्याच्या नावानं बांधलेली पुडी मला लागू पडेल का? डोकं आहे की नाही माणसाला? मी माझंच नाव सांगितलं. "ज्ञानू तात्या म्हणत्यात त्याला." आणि गावाचं नावही सांगितलं.

ते गृहस्थ एकदम सावरून बसले. "असं? मग नीट सांगा बरं सगळं. वैद्याला सगळं सांगावं लागतं. काय काय करतो हा तात्या?"

वैद्यापाशी लपवू नये, हे मला आईनं शिकवलेलं. शिवाय जरा वाढवून सांगितलं तर पुडी जोरकस मिळेल, असंही वाटलं. म्हणून मी सांगत गेलो. "लय वाईट हाल हायत. गोठ्यात जाऊन म्हशीसंगं बोलत बसतो. सांजच्याला रानाभवती पळतो, आपला आपला. जायफळ घेतो, खसखस तर वाटीवाटीनं खातो. पायाचं तळवं कोळशासारखं काळं पडल्यात."

"अरं अरं! घराण्यात कुणाला हाय का असं?"

"त्याची आजी तशीच. जागीच असायची, गाणी म्हणत."

"पोरगी हाय म्हणं त्याला?"

"हाय," मी म्हणालो. "लय गुणाची हाय. तिच्यापायीच जीव जळतोय त्याचा." डोळ्यांत पाणी आलं, ते मी पटक्याच्या शेवानं पुसलं.

त्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या चहाचे पैसेही दिले. मी विचारलं, "हिकडं कुणीकडं आला होता?" म्हणाले, "एक जनावर बघायचं होतं. पण न्हाई जमायचं आता." आणि आलेल्या एसटीनं माघारी गेले.

केवढा भला माणूस, मी मनात म्हटलं.

चार दिवसांनी सुभेदार घरी आला. चपला काढल्या नाहीत, बसला नाही.

"दाजी, नकार आला. ते म्हणत्यात, मुलीचा बाप भ्रमिष्ट हाय. अफूच्या नादात असतो. घराण्यातच वेड हाय."

हौसानं कपाळाला हात लावला. शालन चुलीपुढून उठली आणि गोठ्यात गेली. म्हशीच्या गळ्याला मिठी मारून उभी राहिली. ते बघितलं आणि माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे! पायात चपला न घालता मी भूपाल अण्णाच्या दुकानात गेलो.

"अण्णा! खसखस तुझ्या दुकानातली! अफू तुझ्याच तोंडातनं निघाली आसंल!"

"तात्या, देवाशपथ, माझ्याकडं चौकशीला कोणच आलं न्हाई! उलट मी तयारी करून बसलो होतो वो. तुमची इतकी स्तुती पाठ केली होती, की म्हणताना माझी मलाच लाज वाटत होती!"

न्हाव्याकडं गेलो. तोही तेच म्हणाला. मग सुभेदारानं नवी बातमी आणली. "तुमच्याच गावच्या माणसानं सांगितलं म्हणत्यात. पटकंवाला, हळू बोलणारा, साधा माणूस. सांगताना रडला म्हणं."

"रडला?" मी ओरडलो. "माझ्या पोरीचा संसार मोडून वर रडतो? असला मगर आमच्या गावात हाय कोण? सुभेदार, मला त्याच्यापुढं उभा करा. जीभ उपटून हातात देतो त्याच्या!"

मी आणि असं बोलतोय! हौसा घाबरून माझ्याकडं बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही औंधला निघालो. निघण्याआधी हौसानं तशातही पायाला वाटी घासली. "डोकं शांत ठिवा," म्हणाली. कऱ्हाडात गाडी बदलली. औंधला उतरल्यावर डोंगरावरच्या यमाईला खालूनच हात जोडले आणि म्हटलं, आई, त्या चांडाळाला माझ्यापुढं आण. बाकी काही मागत नाही.

देवी नवसाला लवकर पावते हो. फार लवकर पावते.

आनंदरावांच्या दारात पाय धुवायला पाण्याची बादली ठेवलेली होती. सुभेदारानं पाय धुतले. मी रागाच्या भरात चपला फेकून तसाच आत शिरलो. बैठकीवर पांढरी स्वच्छ चादर. तिच्यावरून तरातरा चालत जाऊन आनंदरावांच्या समोर बसलो.

"आनंदराव, पोरगी करू नका. तुमची मर्जी. पण माझी बदनामी करणारा कोण, तेवढं सांगा! त्याच्या जिभंला किडं पडतील! त्याला आयुष्यात झोप येणार न्हाई!"

आनंदराव गडबडले. आत बघून म्हणाले, "मामा, जरा भाईर या. तुमीच चौकशीला गेला होता." मुलाचे मामा हातात पितळी घेऊन चहा पीत पीत बाहेर आले.

काखेत छत्री नव्हती, एवढाच फरक.

मला बघून त्यांचा चेहरा खुलला. "अरं वा! आनंदराव, आता तर साक्षीदारच घरी आला! ज्यांनी मला सांगितलं तेच हे गृहस्थ! सांगा वो पाव्हणं, त्या ज्ञानू तात्याचं सगळं सांगा ह्यांना!"

घरात कोणी हलेना. सुभेदार माझ्याकडं बघतोय. आनंदराव माझ्याकडं बघतायत. मी छपराकडं बघतोय.

"मामा," आनंदराव हळूच म्हणाले, "मुलीचा बाप ज्ञानू तात्या म्हंजे हेच की वो!"

मामांच्या हातातली पितळी कलंडली. आणि मी? मी अजून एक युक्ती काढली. म्हटलं, "तो... तो दुसरा तात्या. आमच्या गावात दोन ज्ञानू तात्या हायत."

आनंदरावांनी फक्त चादरीकडं बोट दाखवलं. उंबऱ्यापासून माझ्या बुडाखालपर्यंत पांढऱ्या चादरीवर माझी काळी पावलं उमटली होती, एकामागं एक. अंगठे, टाचा, सगळं स्पष्ट.

सुभेदारानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "दाजी, अख्ख्या गावाला गप ऱ्हायला सांगून तुमीच...?"

मग मात्र मी खरं सांगितलं. कुणाला समजावण्यासाठी नाही, तर आता लपवायला काही शिल्लकच नव्हतं म्हणून. म्हटलं, "अफू न्हाई, वेड न्हाई. पोरगी जाणार म्हणून झोप येत न्हाई. तुमी हो म्हणाला तवा आली न्हाई, आणि न्हाई म्हणाला तवाबी आली न्हाई. तिला बोल लावू नका. बाप खुळा हाय, पोरगी शानी हाय."

आनंदरावांचं पोट हलायला लागलं, आणि ते असे हसले की आतल्या बायका दारात आल्या. "मामा, ज्याला सोताबद्दलसुद्धा बरं बोलता येत न्हाई, त्यो माणूस आपल्याला काय फसवणार? मला व्याही मिळाला! साखर आणा!"

साखर आली का, कुणी वाटली, मला माहीत नाही. "व्याही" एवढा शब्द मी ऐकला, पाठीमागं लोड होता, त्याला टेकलो, आणि पुढचं मला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. सुपारी फुटून गेली होती. तारीख, मानपान, वऱ्हाडाची गाडी, सगळं सुभेदारानं परस्पर ठरवलं होतं. माझ्या घोरण्यावरून आवाज चढवून बोलावं लागलं म्हणून त्याचा घसा बसला होता. आणि उशाशी मामा बसले होते. हातात एक पुडी, तिच्यावर दोऱ्याची गाठ. भला माणूस तो. चौकशी करून परतताना वैद्याकडून खरंच घेऊन आला होता.

"उठलात व्हय, पाव्हणं?" ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "ही पुडी तुमच्या गावच्या त्या ज्ञानू तात्याला न्या. आणि त्याला म्हणावं, पुडीनं गुण न्हाई आला तर तुमच्याकडनं झोपायला शिक!"