दाजी परत विचारतात

पिंपरी-चिंचवडमध्ये पहिल्या उत्तरावर अजिबात विश्वास न ठेवणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका आमच्या ताईला नवरा म्हणून मिळाला. दाजी बसमध्ये चढताना विचारायचे, "चिंचवडला जाते ना?" कंडक्टर हो म्हणाला की "नक्की चिंचवडला?" आणि तिकीट हातात पडल्यावर, "म्हणजे गावातच ना?" एकदा एक कंडक्टर हात जोडून म्हणाला, "काका, एक तर तुमी उतरा, न्हाईतर आमी उतरतो." बघण्याच्या कार्यक्रमात तर त्यांनी कहरच केला. "मी पसंत आहे का?" असं ताईला सगळ्यांसमोर विचारलं. ती हो म्हणाली. त्यांनी परत विचारलं. ती परत हो म्हणाली. तिसऱ्यांदा विचारल्यावर आमचे वडील पोह्यांची बशी हातात धरून नुसते बघत राहिले. ताई मान वर करून म्हणाली, "चष्म्यात जरा म्हातारे दिसता. पण पसंत आहात." दाजी खूश झाले. खरं उत्तर आत्ता आलं, म्हणाले.

ही सवय त्यांना कंपनीतल्या कॉम्प्युटरने लावली. गार खोलीत कपाटाएवढी एक पेटी होती, तिच्यात चकत्या फिरायच्या आणि अख्ख्या कारखान्याचा माल त्या चकत्यांवर नोंदलेला असायचा. शेजारच्या फाउंड्रीची धूळ आत शिरायची आणि चकती वाचताना चूक व्हायची. म्हणून चकतीशी बोलणाऱ्या प्रोग्राममध्ये दाजींनी स्वतः लिहून ठेवलं होतं, चुकलं तर परत वाच, तरी चुकलं तर वाचणारा दांडा पार कडेला ने, परत आण आणि पुन्हा वाच. बहुतेक वेळा शेवटी बरोबर यायचं. या इलाजावर त्यांनी कितीतरी वर्षं काढली, आणि तोच माणसांनाही लावला.

ऐंशीच्या सुमारास नवी पेटी आली. धूळ आत जाऊ न देणारी, आपली चूक आपणच तपासणारी. नवे साहेब म्हणाले, "तुमचे ते जुने इलाज काढून टाका. ही पेटी बिघडली तर लगेच सांगते, पण तुमचा प्रोग्राम ऐकूनच घेत नाही, नुसता परत परत विचारत बसतो." दाजींना धक्काच बसला. आठवडाभर त्यांना जेवण गेलं नाही. शेवटी त्यांनी एकेक ओळ काढली, पेटी चालू केली आणि खुर्चीत बसून राहिले. संध्याकाळी घरी आले ते पांढरेफटक पडलेले. "पहिल्या फटक्यात वाचतंय राव," मला म्हणाले, "एकदाही परत विचारावं लागलं नाही. म्हणजे इतके दिवस मी उगीचच सगळ्यांना छळलं."

मी त्या दिवशी संत तुकाराम नगरला त्यांच्या घरीच होतो. दुपारी ताईला डॉक्टरकडे घेऊन गेलो होतो. पोटात गाठ होती आणि ऑपरेशन लवकर करायला हवं होतं. येताना मी म्हटलं, दाजींना मी सांगू का? ताई म्हणाली, "नको. मला एकदम सांगता यायचं नाही. ते विचारतील ना, तेव्हा सांगेन."

दाजींनी पाय धुतले, ताटावर बसले आणि ताईकडे बघून म्हणाले, "चेहरा का उतरलाय?"

"काही नाही."

"बरं," म्हणाले, आणि भाकरी मोडली.

मी थक्क झालो. दहा वर्षांच्या संसारात त्या घरात असं कधी झालं नव्हतं. दाजी शांतपणे जेवत होते, आपण सुधारलो याचं समाधान त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ताई हातात आमटीची पळी धरून तशीच उभी होती. तिचे डोळे भरून आले.

"अहो," ती म्हणाली, "परत विचारा ना."

दाजींचा घास हातातच राहिला. तसेच उष्ट्या हाताने उठून ते तिच्याजवळ गेले आणि इतक्या हळू आवाजात त्यांनी विचारलं की मला ऐकूसुद्धा आलं नाही.